जर्मनीत ५-ॲक्सिसचं पोस्ट हाताळायचं असेल तर

भोसरीत फॅनुक कंट्रोलरवर ३+२ चं काम (दोन फिरते अक्ष कोनात थांबवून तीन अक्षांनी कापणं), मास्टरकॅमच्या पोस्टमध्ये (कॅम सॉफ्टवेअरने काढलेला टूलचा मार्ग मशीनच्या कोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) चार ओळी बदलण्याइतकी ओळख, आणि आता जर्मनीत ५-ॲक्सिस प्रोग्रामर म्हणून यायचा विचार. निघण्याआधी पोस्टचं नेमकं काय शिकून यावं, हा तुमचा प्रश्न.

जर्मन भाषेच्या जोडीला हायडेनहाइन आणि सीमेन्स ८४०डी हे दोन कंट्रोलर धरा. प्रतल कलवायचे आणि टूलचं टोक धरायचे फॅनुकचे कोड जी६८.२, जी५३.१, जी४३.४ इथे तसेच चालत नाहीत. हायडेनहाइनच्या क्लारटेक्स्ट या प्रोग्रामिंग भाषेत प्रतल कलवायला प्लेन स्पेशियल, टूलचं टोक धरून ठेवायला एम१२८ किंवा फंक्शन टीसीपीएम. सीमेन्सवर तीच कामं सायकल८०० आणि ट्राओरी करतात. हायडेनहाइनच्या टीएनसी ६४० कंट्रोलरचं प्रोग्रामिंग स्टेशन (संगणकावर चालणारं रूप) डेमो म्हणून फुकट मिळतं. प्रोग्राम १०० ब्लॉकपर्यंतच चालतो, पण पोस्टची सुरुवात, शेवट आणि टूलचेंज तपासायला तेवढे पुरतात.

फ्यूजन या कॅम सॉफ्टवेअरचं पोस्ट जावास्क्रिप्टमध्ये आणि उघडं असतं, सराव त्याच्यावर करा. हायपरमिल या दुसऱ्या कॅमचं पोस्ट बहुधा विक्रेताच करून देतो. तिथे तुमचं काम म्हणजे हवा तसा एनसी नमुना खुणा करून देणं.

आता खरी मेख अक्षांची. समजा टेबल-टेबल मशीन आहे, म्हणजे दोन्ही फिरते अक्ष टेबलात: ए टेबल कलवतो, सी ते गोल फिरवतो. ए अक्ष −१२० ते +३० अंश. टूलच्या एकाच दिशेला दोन उत्तरं निघतात: ए +४५ सी ०, किंवा ए −४५ सी १८०. पहिलं मर्यादेबाहेर, म्हणून पोस्टने दुसरं निवडायला हवं. पोस्टमध्ये अक्षाची दिशा १,०,० ऐवजी −१,०,० लिहिली गेली की टेबल भलतीकडे कलतं. गंमत म्हणजे प्लेन स्पेशियलमध्ये ए-सीचे कोन कंट्रोलर स्वतः काढतो, त्यामुळे ३+२ वर ही चूक दिसतच नाही; पाचही अक्ष एकत्र फिरू लागले की उघडी पडते. म्हणून आधी एमडीआयमध्ये (मशीनवर एकेक आज्ञा हाताने देऊन) ए −१० देऊन टेबल कुठे झुकतं ते डोळ्यांनी बघा, मग पोस्टमध्ये लिहा. सी ३५० वरून १० वर जाताना एम१२६ (जवळच्या वाटेने फिरवणारी आज्ञा) नसेल तर टेबल २० ऐवजी ३४० अंश उलटं फिरतं.

टूल मागे घेण्याचा क्रम हा सर्वात जास्त टूल मोडणारा भाग. एम९१ ने (मशीनच्या स्वतःच्या शून्यावरून मोजून) झेड वर नेण्याआधी आणि टूल कॉलच्या आधी एम१२९ देऊन एम१२८ बंद करायचं, मग कललेलं प्रतल रद्द करायला प्लेन रीसेट. डोकं कलणारं मशीन असेल तर तिरक्या छिद्रातून थेट मशीनच्या झेडने बाहेर येऊ नका, ड्रिल तुटेल. आधी एम१४० एमबी मॅक्स, कारण ते टूलच्या अक्षाने मागे येतं. सीमेन्सवर ट्राओरी बंद करणारं ट्राफूफ आणि मग रिकामं सायकल८००. या सायकलमधलं स्विव्हल डेटाचं (कलणाऱ्या अक्षांच्या माहितीचं) नाव मशीन बनवणारा ठरवतो. ते पोस्टच्या कोडमध्ये कोंबू नका, बदलता येईल असं बाहेर ठेवा.

टीसीपी (टूलचं टोक धरून ठेवणं) बंद ठेवून काम करायची सवय असेल तर जी९३ चा (ब्लॉकला लागणाऱ्या वेळेच्या उलट फीडचा) हिशोब डोक्यात असेल: २ मिमीचा ब्लॉक, १००० मिमी प्रति मिनिट, म्हणजे एफ ५००. इथे टीसीपी चालू असतं, फीड सरळ टोकाचा मिमी प्रति मिनिट लिहा. दोन्ही पद्धती एका फाइलमध्ये मिसळल्या की मशीन कासव तरी होतं किंवा ससा.

कोनाला चार दशांश द्या. केंद्रापासून २०० मिमीवर ०.००१ अंश म्हणजे ३.५ मायक्रॉन, आणि फिनिशिंगला ते पृष्ठभागावर दिसतं. हायडेनहाइनच्या सायकल ३२ ची टॉलरन्स कॅमच्या कॉर्ड एररच्या (वक्राऐवजी सरळ तुकडे घेताना पडणाऱ्या फरकाच्या) १.१ ते ३ पट ठेवा, कॅममध्ये ०.००५ असेल तर ०.०१ चालेल.

पहिली चाचणी हवेत घेताना जॉबचा झिरो १०० मिमी वर उचलायची आपली सवय सोडा. टेबल कललं की तो १०० तिरका होतो आणि टूल बाजूने जॉबवर येतं. त्यापेक्षा टूल कॉलमध्ये डीएल (टूलच्या लांबीतली भर) +५० द्या, म्हणजे टूल स्वतःच्या अक्षाने ५० मिमी वर राहतं. झेडची मर्यादा आधी बघा, सिंगल ब्लॉक ठेवा, आणि चाचणी संपल्यावर तो डीएल काढायला विसरू नका.