बोरन्हाण गावाला की पठाणकोटला?

ताई, आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. मी सध्या पठाणकोटला फॅमिली क्वार्टरमध्ये, आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन. ह्यांना नोव्हेंबरात पुढे सीमेवर पाठवलंय. ‘आईला सांगू नको, जीवाला लावून घेईल,’ म्हणाले, म्हणून मी गप्प. सासूबाईंना वाटतं, आम्ही दोघं तिकडे मजेत आहोत आणि मुद्दाम गावी येत नाही. ‘पहिलं बोरन्हाण इथं, नाहीतर करूच नका,’ म्हणत त्यांनी फोन ठेवला. एकटीनं निघू का?
– एक सैनिकपत्नी

निघू नकोस. जानेवारीत पंजाबात धुकं पडलं की गाड्यांचं काय होतं, ते तुला मी सांगायला नको. झेलम एक्सप्रेस वेळेवर धावली तरी पुण्यापर्यंत दीड दिवस जातोच, आणि मांडीवर एवढंसं लेकरू.

पण दुखणं बोरन्हाणाचं नाहीच गं. सासूबाई रुसल्यात त्या एका लपवाछपवीमुळे. ती केली तुझ्या नवऱ्यानं, निस्तरतेयस तू. पुढचा फोन आला की त्याला सांग, आईशी तुम्हीच बोला. ठाणं, ठिकाण काही नको, ते फोनवर बोलायचंही नसतं. ‘मी सध्या पठाणकोटला नाही, सुट्टी मिळाली की येतो’, बस. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं घरोघरी फौजी असलेलं गाव आहे, तिथल्या आईला उरलेलं आपसूक कळतं. रडतील एक दिवस. पण सुनेवरचा राग जाईल, आणि काळजी करायला तुला जोडीदार मिळेल.

बोरन्हाण तिथेच कर. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, यंदा राहिलं तर पुढच्या वर्षीही करतात. आणि तुझ्या पंजाबी शेजारणींना फार समजवावं लागणार नाही. १३ जानेवारीला त्यांची लोहडी, बाळाची पहिली लोहडी तर त्यांच्याकडे थाटात होते. त्यांची रेवडी, शेंगदाणे, मक्याच्या लाह्या आणि तुझे चुरमुरे, उसाचे करवे, हलवा एकाच परातीत घाल. बोरं नाही मिळाली तर अडू नकोस. लाईनीतली पोरं वेचायला तुटून पडतीलच. व्हिडिओ काढ, पण घरच्यांनाच पाठव. क्वार्टर, युनिटची पाटी दिसेल असं काही फेसबुकवर नको.

नवऱ्याला तिळगूळ धाडशील तर पाकातली वडी नको, त्या थंडीत तिचा दगड होईल. तिळाच्या नि दाण्याच्या कुटात गूळ किसून मळलेले लाडू कर.

आणि सासूबाईंना काम दे. हलव्याचे दागिने नि काळं झबलं त्यांच्याच हातचं हवं म्हणून सांग. माप मात्र थोडं मोठं घ्यायला सांग, पार्सल पोचेपर्यंत नातू वाढलेला असेल.