‘माझा विश्वास कमी पडतोय का?’

ख्रिस्ती घरांतून समुपदेशनाला येणाऱ्यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. आजारपण, कर्ज, मुलाचं व्यसन, मोडायला आलेला संसार, कारण कोणतंही असो. सगळं सांगून झालं की आवाज खाली येतो आणि मग तो प्रश्न निघतो: “मी रोज प्रार्थना करते, तरी भीती जात नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?” मूळ संकट राहतं बाजूला आणि हा प्रश्नच माणसाला जास्त पोखरतो. म्हणून नगरकडच्या एका ताईंची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

नगरला मिशनचं काम 1831 पासूनचं. तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरांत संडे स्कूल, कौटुंबिक प्रार्थना, महिला मंडळ हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं असतं. ताई अशाच घरातल्या. मधुमेहामुळे यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. मुलगा दहावीत, सासूबाईंना नीट दिसत नाही, पतसंस्थेचे हप्ते तुंबलेले. शाळेतली सेविकेची नोकरी सांभाळून ताई हे सारं ओढत होत्या. पहाटे तीनला जाग यायची, छाती धडधडायची, मग उठून गुडघ्यावर बसायच्या. धडधड थांबली नाही की त्याचा दोष स्वतःलाच. त्यात ओळखीतल्या एका बाईंनी सुनावलेलं, “घरात कबूल न केलेलं काही पाप असेल, बघा.”

अशा वेळी मी आधी एक गोष्ट विचारते, तीही सरळ शब्दांत: “मरून जावं, असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ताई म्हणाल्या, “सकाळी उठूच नये असं वाटतं. पण स्वतःचं काही करून घेईन असं नाही.” तरी झोप, भूक आणि उमेद दोन आठवड्यांहून जास्त काळ हरवली असेल तर नुसत्या बोलण्यावर भागवायचं नसतं. त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास, असं त्यांना वाटत होतं. एलियाची गोष्ट त्यांना संडे स्कूलपासून पाठ होती. रानात झाडाखाली बसून तो संदेष्टा देवाकडे मरण मागतो. देव त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. त्याला झोपू देतो, दूत भाकर आणि पाणी ठेवतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. पुढचं बोलणं नंतर. त्या दिवशी एवढंच म्हटलं, “आधी झोप आणि जेवण. हा क्रम माझा नाही, शास्त्रातला आहे.” गोळ्या सुरू झाल्या.

मग मूळ प्रश्नाकडे वळलो.

“प्रार्थनेत काय बोलता, ताई?”

“स्तुती करते. आभार मानते. त्यांना बरं कर म्हणते.”

“आणि भीती?”

“ती कशी बोलायची, मॅडम? अविश्वास होईल ना.”

गाठ इथेच होती. प्रार्थना म्हणजे त्यांच्यासाठी रोजची परीक्षा झाली होती. भीती गेली तर पास, राहिली तर नापास. तोंडाने स्तुती चालायची आणि सगळा जोर भीती दडपण्यात जायचा. दडपलेली भीती शरीरातून वर येते, पहाटे तीनला येते, आणि ती आली हाच नापास झाल्याचा पुरावा वाटतो. मग पुढची प्रार्थना आणखी धास्तावून. माझा कल विचारांवर काम करण्याकडे आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना ठाऊक असतं. संकट माणसाला वाकवतं खरं, पण खचवतो तो बहुतेकदा आपणच संकटाला लावलेला अर्थ. ताईंनी लावलेला अर्थ होता, “मला भीती वाटते, म्हणजे देव माझा नाही.” तो अर्थ बाहेर काढून तपासायचा, आणि तो ज्या भाषेत घट्ट बसला आहे त्याच भाषेत. श्रद्धाळू माणसाची श्रद्धा वगळून त्याच्या मनावर काम करू पाहणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

त्यांच्या पिशवीत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, होतंच. स्तोत्र 13 काढायला सांगितलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. सहाच ओव्या आहेत. सुरुवातीलाच “कोठवर” हा सवाल पुन्हा पुन्हा येतो: मला कोठवर विसरणार, मुख कोठवर लपवणार. ताईंनी वाचलं, थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“हे कुणाचं?”

“दावीद राजाचं.”

“त्याचा विश्वास कमी होता?”

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे आम्ही उपासनेत कधी वाचत नाही.” आणि थोड्या वेळाने, “असं बोललं तर चालतं?”

चालतं की! दीडशे स्तोत्रांत अशी गाऱ्हाणी भरपूर आहेत. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही, तरी ते वगळलेलं नाही. मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप म्हणतो, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.” त्याच्या पोरालाही येशूने बरं केलं. आधी शंका मिटवून ये, असं म्हटलं नाही.

हे पटणं वेगळं आणि जमणं वेगळं, म्हणून घरी करायला एक काम दिलं. इतरांनाही तेच देते. वही-पेन घेऊन पंधरा मिनिटं बसायचं. वेळ दिवेलागणीची, झोपायच्या तोंडावर किंवा पहाटे तीनला नाही, कारण तेव्हा लिहिलं की मन आणखी जागं होतं. चार भाग लिहायचे. आधी हाक. मग तक्रार, आणि तीच सगळ्यांत मोठी. मग मागणं, अगदी उद्यापुरतं. शेवटी उरलेला भरवसा, असेल तेवढाच, एक ओळ असली तरी पुरे, आणि नसेल त्या दिवशी जागा कोरी ठेवायची. भाषा घरातली, व्यासपीठावरची नाही. पंधरा मिनिटं झाली की वही बंद करून स्वयंपाकाला लागायचं. बहुतेकांची चूक तक्रारीच्या भागात होते. दोन ओळी लिहून घाईघाईने “तरी तुझी इच्छा पूर्ण होवो” म्हणून मोकळे होतात. ताईंनीही पहिल्या वेळी तेच केलं. पान परत दिलं. पुढच्या पानावर लिहिलं होतं: “देवा, सोमवारी मशीनवर त्यांच्या पायात गोळे आले, ते पोरासारखे रडले. मी तुला हाका मारत होते. तू कुठं होतास? मला राग आलाय तुझा.” वाचून दाखवताना आवाज चढला, आणि मग त्या चक्क हसल्या. “आई असती तर मुस्काटात मारली असती.” त्या आठवड्यात पहाटेची जाग गेली नाही, पण जाग आल्यावर स्वतःला धारेवर धरणं थांबलं. हा फरक वरून लहान दिसतो. माझ्या मते पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

आता काळजीचं दुसरं रूप पाहा. डायलिसिससाठी हातावर फिस्टुला करतात, म्हणजे धमनी आणि शीर जोडतात. त्यावर हलकेच बोटं टेकवली की आत सतत भिरभिर लागते. ती थांबली तर गुठळी झाली असं धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं असतं. त्या हाताचा बीपी घ्यायचा नाही, डायलिसिसशिवाय दुसरी सुई त्यावर टोचू द्यायची नाही. ताई ती भिरभिर रात्रीतून कितीतरी वेळा तपासत. यजमानांची झोप मोडायची, चिडचिड व्हायची. हात लावला की दोन मिनिटं बरं वाटायचं आणि मग परत शंका. खरी काळजी कुठे संपते आणि भीतीची सवय कुठे सुरू होते, ते इथे बोटाखाली कळतं. आम्ही ठरवलं: सकाळी एकदा, झोपताना एकदा, आणि तेही यजमानांनी स्वतः तपासायचं. मधे हात शिवशिवला तर वहीत एक खूण करायची आणि उठायचं नाही. आठवडाभर ताईंना फार जड गेलं. नंतर खुणा कमी होत गेल्या.

मध्येच एक पेच आला. बाहेरगावी आरोग्यसभा, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थनेची सभा, होती. यजमान म्हणाले, दोन डायलिसिस सोडून जाऊ, विश्वासाने जाऊ. डायलिसिस चुकलं की शरीरात पाणी साचतं, ते फुप्फुसात उतरलं की धाप लागते. पोटॅशियम वाढतं ते तर कळतही नाही, एकदम हृदयाचे ठोके बिघडतात. हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. अशा वेळी समुपदेशकाने धर्मशास्त्राच्या वादात पडू नये, तो अधिकार ज्याचा आहे त्याला बोलवावं. ताईंच्या परवानगीने त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांशी बोलले. त्यांनी वाद घातलाच नाही. पुढच्या डायलिसिसच्या दिवशी ते सुई टोचण्याआधी खुर्चीजवळ उभे राहिले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, “प्रभूला इथला पत्ता माहीत आहे.” यजमानांनी सभेचा विषय पुन्हा काढला नाही. दशमांशाचा, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग मंडळीला देण्याचा, पेचही पाळकसाहेबांनीच सोडवला. ताई उसने घेऊन दशमांश भरत होत्या. पाळकसाहेबांनी स्पष्ट सांगितलं की कर्ज काढून दिलेलं देवाला नको, आधी हप्ते भरा.

प्रार्थना की प्रयत्न, असा झगडा आपल्याकडे उगाच लावला जातो. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांची सोय केली. तिथे प्रार्थना होती, शेती होती, छापखानाही होता. यातलं एक केलं म्हणून दुसरं कमी पडलं नाही.

ओझं वाटून घ्यायचं काम त्यानंतर हाती घेतलं. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा त्याला सांगतो की लोकांचे तंटे सोडवायचं हे काम एकट्याला झेपणार नाही, आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला लावतो. ताईंना म्हटलं, “मंडळीकडे काय मागता?”

“प्रार्थना करा म्हणते.”

“मग लोक काय करतात?”

“प्रार्थना करतात.” आणि स्वतःच हसल्या.

लोक वाईट नसतात. त्यांना काय करायचं ते कळत नाही. उपासनेनंतर सगळ्यांना मिळून सांगितलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. म्हणून एकेकाला गाठून मागायचं, आणि मागताना चार गोष्टी सांगायच्या: काम काय, वार कोणता, वेळ किती ते किती, आणि किती दिवस. “बुधवारी दोन ते सहा त्यांच्याजवळ बसाल का, या महिन्यापुरतं?” याला माणूस हो म्हणतो किंवा नाही म्हणतो, दोन्ही चालतं. ताईंनी कागदावर तक्ता आखला. बुधवारचं बसणं एका निवृत्त शिक्षकांकडे, मुलाचं गणित तरुण संघातल्या एकाकडे, शुक्रवारचा डबा महिला मंडळाकडे. डब्याबरोबर चिठ्ठी: मीठ कमी; टोमॅटो, केळं, शहाळं नको; बटाटा चिरून उकळून पाणी ओतून दिलेला. ही चिठ्ठी फार महत्त्वाची. मायेने पाठवलेलं शहाळं त्यातल्या पोटॅशियममुळे डायलिसिसच्या माणसाला धोक्याचं असतं. पापाबद्दल बोलणाऱ्या बाईंसाठी एक वाक्य तयार केलं: “त्याबद्दल मी पाळकसाहेबांशी बोलते, तुम्ही आमच्यासाठी स्तोत्र वाचा.” आवाज न चढवता, तेच वाक्य दर वेळी.

पैशाचं काम कोरडं असतं, पण छातीवरचा दाब त्यानेच जास्त उतरतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं. ताई खाजगी केंद्रात पैसे भरत राहिल्या होत्या, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. पतसंस्थेला हप्ते लांबवण्याचा लेखी अर्ज दिला, पोच घेतली. असा अर्ज नोटीस येण्याआधी दिला तर ऐकून घेतात, नंतर दारं बंद होत जातात.

ज्यांच्याजवळ कुणीच नाही त्यांच्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा क्रमांक आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. जीव द्यावासा वाटत असेल तर संध्याकाळच्या वहीची वाट पाहायची नाही.

यजमानांचं डायलिसिस चालूच आहे. प्रत्यारोपणासाठी बहिणीच्या तपासण्या सुरू आहेत, जुळेल की नाही ते अजून ठरायचंय. भीती ताईंना आजही वाटते, पण विश्वास कमी आहे का, हा प्रश्न त्यांनी नंतर विचारला नाही. पाळकसाहेबांनी तो तक्ता मागून घेतला, मंडळीत आजारपणाची आणखी काही घरं आहेत. ताईंनी नक्कल करून देताना एक रकाना स्वतःहून वाढवला: कोणी यायचं नाही असे दोन वार.