गटारीनंतर एकदम बंद? आधी केसपेपर काढा

प्रश्न : नवरा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला आहे. रोज रात्री दोन क्वार्टर होतात. खाडा एकही नाही, म्हणून ‘मी काय बेवडा आहे का’ म्हणतात. सकाळी हात थरथरतात, घोटभर घेतली की थांबतात. श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून एकदम सोडणार आहेत. तरी डॉक्टर लागेल का? शेजारणीने जेवणात मिसळायची पावडर सांगितली आहे, ती देऊ का?

उत्तर : डॉक्टर लागेल, आणि गटारीच्या आधी लागेल. सकाळची थरथर दारूनेच थांबते म्हणजे शरीर तिच्यावर टेकलेलं आहे. खाडा नाही हा पुरावा धरू नका. खाडे सगळ्यात शेवटी सुरू होतात. क्वार्टर १८० मिलिची. दारू ४२ टक्क्यांच्या आसपास असेल तर दोन क्वार्टरमध्ये सुमारे १२० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल रोज जातं.

दारू मेंदूला सुस्त करते, म्हणून मेंदू वर्षानुवर्षं जास्त जोराने चालायला शिकतो. दारू एकाएकी थांबली तरी तो जोर तसाच राहतो. ६ ते १२ तासांत थरथर, घाम, उलट्या. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना ताप चढतो, दिवस-रात्र कळत नाही, किडे दिसतात; यंत्रमागवाला हवेतच तुटलेला धागा जोडत बसतो. घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते आणि देवऋष्यापायी मोलाचे तास जातात. उपचार न मिळाल्यास यात जीव जातो. फिट आली किंवा बरळणं सुरू झालं की थेट १०८. गटारीला पोटभर आणि दुसऱ्या दिवशी शून्य, हा क्रम म्हणूनच सगळ्यात वाईट.

तेव्हा श्रावणाच्या आठ-दहा दिवस आधी सकाळी सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभागाचा केसपेपर काढा. तोपर्यंत एकदम बंद करू नका, वाढवूही नका. दोन वेळा जेवू द्या. डॉक्टरांना खरं सांगा : रोज किती, शेवटची कधी घेतली, पूर्वी फिट आली का, कावीळ झाली का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का. ताडी पीत असतील तर तेही सांगा, कारण भेसळीच्या ताडीत झोपेची औषधं असतात आणि ती थांबल्यावरही फिट येते. डॉक्टर थरथर दाबणारी गोळी मोठ्या मात्रेने सुरू करून साधारण आठवडाभरात उतरवत नेतात; सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. ‘ताकदीचं सलाइन’ कुठे लावलंच तर थायमिन आधी द्यायला सांगा. त्याची कमतरता असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. पूर्वी फिट आली असेल तर भरतीच बरी.

तीच गोळी मेडिकलमधून आणून घरी देऊ नका. वरून दारू प्यायली तर श्वास मंदावतो.

पावडर तर नकोच. अशा पुड्यांत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असलं आणि ते पोटात असल्याचं माहीत नसताना माणूस दारू प्यायला तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर मृत्यूही. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच देतात.

कारखान्यात कळेल ही भीती असेल तर सांगा, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

प्रश्न : दारू सुटून महिना झाला, तरी भाऊ उदास असतो. ‘जगून काय करायचं’ म्हणतो. मरणाबद्दल विचारलं तर डोक्यात नसलेलं घातल्यासारखं होईल का?

उत्तर : नाही, विचारा, सरळ शब्दांत. विचारल्याने तो विचार येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. दारूमुळे आलेली उदासी बहुधा दोन-चार आठवड्यांत उतरते. महिन्यानंतरही राहिली तर तो वेगळा आजार धरून तपासावा लागतो. ‘कसं मरायचं’ हे ठरवल्याचं त्याने सांगितलं तर एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक आणि गोळ्या उचलून ठेवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला न्या. १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. भाऊ बोलायला तयार नसेल तर तुम्ही लावा.