येत होतं, तरी चुकलं! – वाचकांचे प्रश्न

परीक्षांचे दिवस जवळ आले की पत्रांचा सूर बदलतो. या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, अभ्यास झालाय, प्रश्न येतोय, तरी मार्क जातात. म्हणून ती एकत्रच घेतेय.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, जेईई आणि सीईटी दोन्ही देणार आहे. आम्ही ऐरोलीला राहतो, क्लास ठाण्याला. दर रविवारी मॉक टेस्ट असते आणि घरी आल्यावर एकच वाक्य, "आई, येत होतं गं सगळं, सिली मिस्टेक झाल्या." मागच्या जेईई मॉकमध्ये असे ११ प्रश्न गेले. त्याचे बाबा म्हणतात याचं लक्षच नसतं, मोबाईल काढून घ्या. घरात रोज वाद. खरंच लक्षाचा प्रॉब्लेम आहे का?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, "लक्ष दे, लक्ष दे" ऐकून एखाद्या मुलाचं लक्ष वाढलंय असं मी तरी पाहिलेलं नाही, उलट पेपर सोडवताना अर्धं डोकं 'आज चुकायचं नाहीये' यातच अडकून बसतं आणि मग हमखास चुकतं. त्यामुळे वाद आधी थांबवा, प्लीज. पण चुका किरकोळ आहेत असंही समजू नका. जेईई मेनला बरोबर उत्तराला ४ मार्क आणि चुकलं की १ वजा, म्हणजे येणारा प्रश्न चुकला की सरळ ५ मार्कांचा फरक. ११ प्रश्नांचे ५५ झाले, ३०० पैकी! एवढ्या मार्कांसाठी मुलं रात्र रात्र नवे चॅप्टर करत बसतात, आणि इथे तर नवीन काही शिकायचंच नाहीये.

त्याला एक वेगळी वही करायला सांगा. मागचे तीन-चार मॉक काढायचे आणि असा प्रत्येक प्रश्न त्यात लिहायचा, पण समोर 'सिली मिस्टेक' लिहिलेलं चालणार नाही, नक्की काय झालं ते एका ओळीत लिहायचं. 'व्यास दिला होता, मी त्रिज्या समजून टाकला.' 'मायनस पुढच्या ओळीत उतरवला नाही.' 'अयोग्य विधान विचारलं होतं, मी योग्य निवडलं.' पहिल्या दिवशी कंटाळा करेल, करू दे, पण पंधरा-वीस नोंदी झाल्या की बहुतेक वेळा दिसतं की चुका दहा तऱ्हेच्या नाहीतच, दोन किंवा तीन तऱ्हेच्या आहेत आणि त्याच त्याच परत येतायत. मग इलाज करता येतो.

सगळ्यात जास्त मार्क मला वाटतं वाचण्यात जातात. २क्ष + ३ = ११ दिलंय आणि विचारलाय क्षचा वर्ग. मुलगा क्ष = ४ काढतो, पर्यायात ४ दिसतो, खूश होऊन टिक करतो, उत्तर असतं १६. पेपर काढणारे हे मुद्दाम करतात, अर्ध्या वाटेवरचं उत्तर पर्यायात ठेवलेलंच असतं. १४ सेंमी व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १५४ चौ. सेंमी, पण १४ ला त्रिज्या धरलं की ६१६ येतं आणि ते ६१६ पण तिथे बसलेलं असतं. म्हणून आपलं उत्तर पर्यायात सापडलं म्हणजे बरोबर आलं, हा समज आधी मोडायला हवा. तापमानाचं तसंच, वायू एकाच दाबाला २७ अंश सेल्सिअसवरून ३२७ वर नेला तर आकारमान किती पट? केल्विनमध्ये ३०० चे ६०० होतात म्हणजे दुप्पट, आणि घाईत सेल्सिअसचाच भागाकार केला की बारा पट.

ठाणे स्टेशनातून मेल-एक्सप्रेस जातात ना, त्यांच्या इंजिनात लोको पायलट आणि असिस्टंट पुढच्या सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने बोलून सांगतात. दिसत दोघांनाही असतो, तरी बोलायचं, कारण डोळ्यांसमोरून गेलं म्हणजे डोक्यात गेलं असं होत नाही. त्याने प्रश्नाची शेवटची ओळ अशीच ओठ हलवत वाचायची आणि गणिताला हात लावायच्या आधी रफ शीटवर लिहायचं, 'क्षचा वर्ग = ?', 'उत्तर सेंमीमध्ये'. पाच सेकंद जातात. टिक करताना त्या ओळीकडे परत एकदा बघायचं.

रफ शीट त्याची कशी असते ते पण बघा एकदा. कोपऱ्यात थोडं, मध्येच तिरकं, वर काही खोडलेलं, असं असेल तर सहाचा शून्य आणि प्लसचा मायनस व्हायला वेळ लागत नाही. प्रश्न नंबर टाकून एकाखाली एक ओळी लिहायच्या, बास.

आणि जेईई कम्प्युटरवर असते, तिथलं एक महत्त्वाचं, पर्याय निवडून 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबता बाजूच्या पट्टीतल्या दुसऱ्या प्रश्नाच्या नंबरवर क्लिक केलं तर आधीचं उत्तर सेव्ह होत नाही. सूचनांमध्ये हे लिहिलेलं असतं पण त्या वाचतं कोण. शेवटच्या पाच मिनिटांत पट्टीवर नजर टाकून सोडवलेले सगळे नंबर हिरवे किंवा जांभळ्यावर हिरवी खूण असे आहेत ना हे बघायचं, नुसता जांभळा म्हणजे उत्तर नोंदलेलंच नाही.

सीईटीचा हिशोब वेगळा, तो सरावातच वेगळा ठेवा. पीसीएमला आधी फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद, मग मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे १०८ सेकंद, आणि मॅथ्स दोन-दोन मार्कांचं. जेईईला प्रश्नामागे १४४ सेकंद मिळतात. जेईईच्या चालीची सवय असलेला मुलगा सीईटीत शेवटी धावत सुटतो आणि तिथेच चुका होतात. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

मोबाईलचं म्हणाल तर वहीत चुकीसमोर वेळ पण लिहायला लावा, पेपराच्या पहिल्या तासातली का शेवटच्या. शेवटच्या तासात ढीग असेल तर मुलगा थकतोय, आणि शनिवारी रात्री किती वाजता झोपला हे विचारायला हवं. तेव्हा मोबाईलबद्दल बोला, आरडाओरडा न करता.

प्रश्न : मी नीट रिपीट करतेय. मागच्या वेळी ओएमआरमध्ये, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेत, एक प्रश्न सोडला आणि पुढच्या प्रश्नाचा गोल मात्र त्याच नंबरला भरला, पुढचे बरेच सरकले. आता मॉकमध्ये सुद्धा हात थरथरतो. काय करू?
– कळव्याची एक वाचक

उत्तर : बाळा, वर्षभराची मेहनत अशी गेली की केवढं लागतं ते कळतंय मला. पण हे सुधारण्यासारखं आहे. नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं, आणि पेनने भरलेला गोल खोडता येत नाही, त्यामुळे सगळे गोल शेवटी भरायचे हा बेत कधीच करू नकोस. एक पान सोडवलं की त्या पानाचे गोल लगेच भर. प्रत्येक गोलाआधी नंबर आणि पर्याय मनात म्हण, 'सदतीस, तीन', आणि मगच पेन टेकव. जो प्रश्न सोडशील त्याला पुस्तिकेत मोठ्ठा गोल कर, आणि दर पाच प्रश्नांनी पुस्तिकेतला नंबर आणि शीटवरचा नंबर जुळतोय ना बघ, म्हणजे सरकलंच तरी लवकर सापडेल. पुस्तिकेचा कोड शीटवरच्या कोडशी जुळतो का हे पेपर हातात आल्या आल्या. घरी प्रत्येक मॉक छापील ओएमआरवरच दे, वहीत एबीसीडी लिहून नाही. थरथर तिथेच कमी होईल, समजावून नाही होणार.

प्रश्न : सर म्हणतात पहिलं सुचलेलं उत्तर बदलायचं नाही, तेच बरोबर असतं. खरंय का? – सीईटी देणारा, वाशी

उत्तर : नाही रे. २००५ साली जस्टिन क्रुगर या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खोडलेल्या खुणा तपासल्या. निम्म्याहून थोड्या जास्त वेळा मुलांनी चुकीचं बदलून बरोबर केलं होतं, बरोबरचं चूक साधारण पाव वेळा. पण बरोबरचं बदलून चुकलं की ते जास्त बोचतं आणि तेच लक्षात राहतं, म्हणून सगळ्यांना तसं वाटतं. कारण सापडलं असेल, मायनस दिसला, 'नाही' हा शब्द दिसला, तर बिनधास्त बदल. नुसती धाकधूक होतेय म्हणून बदलू नकोस.

प्रश्न : नात आठवीत, स्कॉलरशिपला बसते आहे. हुशार आहे, वेळेआधी पेपर संपवते आणि "तपासला आजोबा" म्हणते, तरी चार-पाच प्रश्न जातातच. – एक आजोबा, नौपाडा

उत्तर : आजोबा, ती तपासते म्हणजे परत वाचते, आणि आपलंच लिहिलेलं परत वाचताना जे लिहायचं होतं तेच दिसतं, चूक दिसत नाही. तपासणी दुसऱ्या वाटेने व्हायला हवी. समीकरण असेल तर आलेली किंमत मूळ प्रश्नात टाकून बघायची, वजाबाकी असेल तर बेरीज करून, भागाकार असेल तर गुणाकार. शेकडेवारीत १०० रुपये धरून, किंमत २० टक्के वाढली आणि मग २० टक्के उतरली तर १०० चे १२०, १२० चे ९६, परत १०० होत नाहीत.

आठवीच्या पेपरात अजून एक गोष्ट, काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात. तिचे ते चार-पाच प्रश्न यातलेच आहेत का हे आधी बघा. पहिला बरोबर पर्याय मिळाला की हुशार मुलं पुढे पळतात, उरलेले वाचतच नाहीत. 'दोन पर्याय निवडा' असं जिथे जिथे दिसेल तिथे पेपर हातात आल्यावर तिने पेन्सिलने खूण करून ठेवावी, आणि ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे वेळ उरलाच तर आधी त्या खुणांवर परत जावं.