मुंग्या पाळतात, की मुंग्या होतात?

इंग्लंडात लेस्टरला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाने काचेच्या नळीत लाल मुंग्या ठेवल्यात, दोन राण्या आणि तीसेक कामकरी. ताईंनी सांगलीला सासूबाईंना फोनवर कौतुकाने सांगितलं, "त्याने मुंग्या पाळल्यात." तिकडून उत्तर आलं, "मुंग्या कुणी पाळतं का गं? मुंग्या होतात!" तेव्हा ताईंचे प्रश्न दोन: इथे 'पाळणे' चुकलं का? आणि मुलगा ज्याला इंग्रजीत 'कॉलनी' म्हणतो, त्याला मराठीत काय म्हणायचं? वारूळ म्हणावं तर समोर नळी दिसते, वसाहत म्हणावं तर एमआयडीसी आठवते.

आजींचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. घरात मुंग्या होतात, साखरेला मुंग्या लागतात, बसून बसून पायाला मुंग्या येतात. तिन्हीकडे कर्ता मुंगी, आपण नुसते सोसणारे. मुंग्यांसाठी आपण आपणहून काही करतो ते म्हणजे त्यांना साखर घालतो, आणि तीही त्यांच्या दाराशी जाऊन चिमूटभर. एरवी आपलं सगळं डोकं त्यांना लांब ठेवण्यात गेलेलं. आमच्या घरी जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाणी भरलेल्या चिनी मातीच्या वाट्यांत उभे असत. वाटीतलं पाणी आटलं की दुसऱ्या दिवशी सायीवर मुंग्या. लेस्टरचा मुलगा नळी ठेवलेल्या डब्याच्या काठाला आतून तेलाचा हात फिरवतो, तोही त्याच विद्येतला, फक्त उलटा: आपण मुंगी आत येऊ नये म्हणून धडपडतो, तो ती बाहेर जाऊ नये म्हणून.

तरी 'पाळणे' चूक नाही. मराठीत जनावर सांभाळण्याची क्रियापदं बरीच आहेत आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. चार म्हशी 'बाळगून' असतो तो शेतकरी, त्यात ऐपत आली. गुरं 'राखतो' तो गुराखी, ती त्याची स्वतःची असतीलच असं नाही. 'पोसणे' म्हटलं की खर्च डोळ्यांवर येतो, म्हणून हत्ती पोसतात आणि निरुद्योगी मेहुणाही. टाकीतले मासे मात्र आपण नुसते 'ठेवतो'. पाळायला जनावर ओळखीचं लागतं, नाव घेऊन हाक मारली की मान वळवणारं, निदान संध्याकाळी खुराड्याकडे परतणारं. आजींना खटकलं ते हेच. तीस मुंग्यांतली कुठली मुंगी हाकेला ओ देणार?

पण या क्रियापदाचा दुसरा अर्थ विसरू नये. आपण वेळ पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो, दिलेला शब्द पाळतो. तिथे बंधन पाळणाऱ्यावर असतं. मुंग्यांच्या बाबतीत मला हाच अर्थ जास्त लागू वाटतो. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, पुढे मुंग्यांची जागा, तोंडाला आणखी एक बोळा. मधला कापूस ओला राहिला पाहिजे, पण त्याला बुरशी येता कामा नये. मधाचा एखादा थेंब, अळ्यांसाठी मेलेल्या माशीचा तुकडा, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं. नळी हलवायची नाही, सारखी उघडून बघायची नाही. बारा वर्षांच्या मुलासाठी हे पथ्यच झालं की.

शिवाय माशीने ही वाट आधीच मोकळी करून दिली आहे. मधमाश्याही हाकेला ओ देत नाहीत, पण मधमाशीपालन आता कुणाच्या कानाला खटकत नाही. महाबळेश्वरकडे पेट्या ठेवणाऱ्याला सरकारी कागदांतही 'मधपाळ' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. मेंढपाळ मेंढ्या पाळतो, मधपाळ काही मध पाळत नाही, तरी अर्थ चटकन लागतो. त्याच चालीवर 'मुंगीपाळ' म्हणायला माझी हरकत नाही.

आणि लाल मुंग्या पाळणं ही काही आजकालची हौस नाही. दक्षिण चीनमधल्या वनस्पतींवरचा, इ. स. ३०४च्या सुमारासचा मानला जाणारा एक ग्रंथ आहे. संत्रावर्गीय झाडांना कीड लागू नये म्हणून तिथले लोक लाल मुंग्यांची पानांची घरटी फांदीसकट बोरूच्या पिशव्यांत भरून बाजारात विकायचे, असं त्यात लिहिलंय. त्या मुंग्या आपल्या ओळखीच्या निघाल्या. कोकणात आंब्याच्या झाडावर पानं पानांना चिकटवून चेंडूसारखं घर करणाऱ्या त्या ओंबील. सिंधुदुर्गात आणि गोव्यात त्यांनाच हुमले म्हणतात. पानं जोडणारा धागा त्यांच्या अळ्यांचा असतो. कामकरी मुंगी अळी तोंडात धरते आणि मागावरच्या धोट्यासारखी या पानावरून त्या पानावर फिरवते. काजू काढताना एकदा असं घर माझ्या मानेवर फुटलं होतं, त्यामुळे पिशवीत भरणाऱ्या त्या चिनी शेतकऱ्यांबद्दल मला आदर आहे.

लेस्टरच्या मुंग्या मात्र या नव्हेत. इंग्लंडच्या बागेतली लाल मुंगी म्हणजे मिर्मिका रुब्रा. ती जेमतेम चार-पाच मिलिमीटरची, आणि तिला मागे नांगी असते. ओंबील जबड्याने चावते आणि जखमेवर आम्ल सोडते, तिला नांगी नाही. मराठीने हा भेद कधी मनावर घेतला नाही. आपल्याला मधमाशीसुद्धा 'चावते'. मुंगळा हे नावही असंच फसवं. लोटी-लोटा, सुरी-सुरा या चालीवर लहान ती मुंगी आणि मोठा तो मुंगळा, पण भिंतीवरून फिरणारा कामकरी मुंगळा शास्त्राच्या हिशेबात बाईच.

आता कॉलनी. वारूळ नको, या ताईंच्या मताशी मी सहमत आहे, पण माझं कारण वेगळं. आपण ज्याची पूजा करतो ते मातीचं उंच वारूळ मुंग्यांचं नसतंच, ते वाळवीचं. अमरकोशात त्यासाठी वामलूर, नाकु आणि वल्मीक असे तीन शब्द एका ओळीत येतात. आपलं वारूळ त्यातल्या वामलूराच्या घरचं असावं असं मला कानाने वाटतं. ते काही असो, वारूळ ही बांधलेली जागा आहे. आतली मंडळी दुसरीकडे गेली तरी ते वारूळच राहतं, नागोबा राहायला आला तरीही. मुलाला हवा असलेला शब्द जागेचा नाही, जागेसकट माणसांचा आहे. माश्यांसाठी असा शब्द आपल्याकडे आहे, मोहोळ. मोहोळ फांदीला लटकतं आणि मोहोळ उठतंही.

मुंग्यांसाठी मी 'बिऱ्हाड' सुचवतो. कन्नडमधल्या बिडाराच्या नात्यातला हा शब्द, तिकडे त्याचा अर्थ मुक्कामाची जागा. मराठीत आल्यावर त्यात माणसं, भांडीकुंडी, पोरंबाळं असं सगळं शिरलं. वरच्या मजल्यावर बिऱ्हाड असतं, ते जागा बदलतं, आणि बिऱ्हाडकरू कधीच मालक नसतो. नळीतल्या मुंग्यांना यातलं सगळं बसतं. नळीतलं पाणी संपत आलं की मुलगा शेजारी नवी नळी लावतो, जुनीवर उजेड पाडतो आणि मुंग्या एकेक पांढरं बोचकं तोंडात धरून पलीकडे जातात. याला बिऱ्हाड हलवणं नाही तर काय म्हणायचं? बोचक्यांना आपण सरसकट 'अंडी' म्हणतो, पावसाआधी भिंतीवरून चाललेली बघतो तेव्हाही. मोठी पांढरी दिसतात ती बहुधा अळ्या नाहीतर कोषातली पिल्लं असतात. त्यातही मिर्मिकाची पिल्लं उघडीच असतात, भोवती रेशमाचं वेष्टण नसतं, म्हणजे त्यांना कोष म्हणणंही उपचारापुरतंच.

दोन राण्यांचं काय, असंही ताईंनी जाता जाता विचारलंय. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, पण मिर्मिकाच्या एका बिऱ्हाडात अनेक राण्या नांदतात. तेव्हा 'राण्या' हे अनेकवचन बिनधास्त वापरा. त्यांचं आयुष्यही मोठं असतं. जॉन लबक या इंग्रज गृहस्थाने मुंग्या काचेच्या तावदानांमध्ये ठेवल्या होत्या. दुसऱ्याच एका जातीची, १८७४ साली ठेवलेली त्याची राणी १८८८पर्यंत जगली. मुंग्या जांभळ्या काचेखालून हटतात आणि लाल काचेखाली निवांत बसतात, हेही त्याने पाहिलं. तुमच्या मुलाने नळीला लाल जिलेटिन कागद गुंडाळला असेल तर तो याचसाठी.

तर ताई, आजींना सांगा: "नातवाने मुंग्या पाळल्यात, दोन राण्यांचं बिऱ्हाड आहे, खिडकीत असतं." थंडीत या मुंग्यांना गारठ्यात झोप लागते, म्हणून काही महिने तो नळी फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवेल. तेवढं मात्र आजींच्या कानावर घालू नका.