राईट-क्लिकचा मेनू लांबलाय? आधी हे करा

लगेच रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) हात घालू नका, ही कळकळीची विनंती. मेनूतली गर्दी बहुतेक विंडोजची नसते. जो तो प्रोग्राम इन्स्टॉल होताना आपली ओळ घुसवतो. म्हणून आधी त्या प्रोग्रामच्या सेटिंग्ज बघा. सेव्हन-झिप या फायली झिप करणाऱ्या प्रोग्राममध्ये तर प्रत्येक ओळीपुढे टिकचा चौकोन आहे, नको ती काढून टाका.

उरलेल्यांसाठी नीरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू घ्या, फुकट आहे; प्रोग्रामांनी घुसवलेल्या अशा नोंदींची यादी ते दाखवतं. त्यात मायक्रोसॉफ्टबाहेरच्या नोंदी गुलाबी दिसतात, तेवढ्याच बघा. नोंद निवडून एफ७ दाबलं की बंद, एफ८ ने परत चालू. काहीच डिलीट होत नाही, म्हणून नवशिक्याला मी हेच सुचवतो. एका वेळी एकच बंद करा, टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर (फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम) रीस्टार्ट करा आणि मेनू उघडून बघा. पाच-सहा एकदम बंद केल्या की नेमकं कशामुळे काय गेलं ते शोधत बसावं लागतं.