कागद मागा, खुलासा नको

विद्यापीठाकडे माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्या वाचकांची पत्रे या महिन्यात बरीच आली. त्यातल्या सारख्या शंका एकत्र करून उत्तरे दिली आहेत. ती महाराष्ट्रातील राज्य विद्यापीठांपुरती आहेत. केंद्रीय विद्यापीठांचे शुल्काचे नियम वेगळे आहेत.

माझा एक विषय राहिला. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी विद्यापीठ पानांच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त शुल्क घेते. मैत्रीण म्हणते, माहिती अधिकारात पानाला दोन रुपयेच पडतात. खरे काय? (विद्यार्थिनी, लातूर)

मैत्रिणीचे बरोबर आहे, पण त्यात एक मेख आहे.

स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि ती पाहण्याचा, तिची प्रत घेण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात स्पष्ट केले. शुल्काचा वाद २०१९ मध्ये कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात सुटला. संस्थेच्या स्वतःच्या योजनेतून प्रत मागितली तर संस्थेचे शुल्क आणि माहिती अधिकारात मागितली तर माहिती अधिकाराच्या नियमांचे शुल्क, असे न्यायालयाने ठरवले. दोन्ही वाटा खुल्या आहेत. महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाला १० रुपये आणि प्रतीला पानामागे २ रुपये लागतात. ३६ पानांच्या उत्तरपत्रिकेचे ७२ रुपये होतात, टपालाने हवी असेल तर टपालखर्च वेगळा. ‘आमच्या परिपत्रकानुसारच अर्ज करा’ असे उत्तर आले तर अपिलात हाच निकाल दाखवा.

आता मेख. माहिती द्यायला कायद्याने ३० दिवस आहेत. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मात्र निकालानंतर परिपत्रकात दिलेल्या थोड्या दिवसांतच करावा लागतो आणि माहिती अधिकाराचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून ती मुदत कोणी वाढवून देत नाही. पुनर्मूल्यांकन करायचेच असेल तर मुकाट्याने विद्यापीठाचे शुल्क भरा. मुदत टळून गेली असेल, किंवा कुठे गुण गेले एवढेच पाहायचे असेल, तर माहिती अधिकाराची वाट स्वस्त पडते. गुण वाढवून देण्याचा अधिकार माहिती आयोगाला नाही, त्या आशेने अपिले करत बसू नका.

अर्जात पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक), आसन क्रमांक, परीक्षेचे सत्र, विषयाचा कोड आणि पेपरची तारीख लिहा. सोबत हॉल तिकिटाची आणि ओळखपत्राची प्रत जोडा, म्हणजे ‘त्रयस्थाची माहिती’ हा आक्षेप निघत नाही. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासल्या जात असतील (मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आली) तर ‘परीक्षकाच्या खुणा व प्रश्ननिहाय गुणांसह प्रत’ असे शब्द वापरा. नुसती ‘उत्तरपत्रिकेची प्रत’ म्हटले तर तुम्ही लिहिलेल्या पानांचा कोरा स्कॅन हाती पडू शकतो आणि त्यावरून काहीच कळत नाही. परीक्षकाचे नाव आणि सही झाकलेली असेल. ते नियमाला धरून आहे, त्यावर भांडू नका.

आणि उशीर करू नका. हा हक्क उत्तरपत्रिका जपून ठेवण्याच्या मुदतीपुरताच आहे. ती मुदत संपत आली असेल तर अर्जासोबत परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना वेगळे पत्र द्या: ‘माझा माहिती अधिकार अर्ज व त्यावरील अपील निकाली निघेपर्यंत ही उत्तरपत्रिका नष्ट करू नये.’ त्या पत्राची पोच घ्या.

पीएच.डी.ची नोंदणी का रखडली, जबाबदार कोण, असे अर्जात विचारले. ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. हे योग्य आहे का? (संशोधक, अमरावती)

उत्तर उर्मट वाटले तरी कायद्यात बसते. अभिलेखात जे आहे तेवढेच देणे माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक आहे. कारणे शोधून देणे नाही. गोव्याच्या डॉ. सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये हेच सांगितले: ‘का’चे उत्तर म्हणजे माहिती नव्हे. आमच्याकडे आलेल्या फसलेल्या अर्जांपैकी बहुतेक याच कारणाने फसलेले दिसतात.

पण ज्याला तुम्ही ‘का’ म्हणता ते कागदावर कुठेतरी असतेच. नस्तीच्या, म्हणजे फाइलच्या, टिपणी बाजूवर कोणी, कोणत्या तारखेला, काय शेरा मारून ती पुढे किंवा मागे पाठवली, हे लिहिलेले असते. तेच मागा. तुमचा अर्ज असा लिहिता येईल:

‘विषय: पीएच.डी. नोंदणी अर्ज, आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक. कालावधी: त्या दिनांकापासून आजपर्यंत. १) या अर्जाच्या नस्तीतील टिपणी बाजू व पत्रव्यवहार बाजू यांच्या सर्व पृष्ठांच्या साक्षांकित प्रती. २) संशोधन व मान्यता समितीच्या ज्या बैठकीत हा अर्ज ठेवला गेला, त्या बैठकीच्या इतिवृत्तातील संबंधित विषयाचा उतारा. ३) अर्ज ज्या टेबलांवरून गेला त्यांच्या आवक-जावक नोंदवहीतील नोंदींच्या प्रती. ४) अशा अर्जांवर निर्णय घेण्याची मुदत ठरवणारे परिपत्रक.’

यात एकही प्रश्नचिन्ह नाही, पण जबाबदार कोण ते तारखांवरून आपोआप कळते. अर्ज १५० शब्दांच्या आत राहतो आणि विषय एकच आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये नियमांत ही दोन्ही बंधने घातली. वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि पीएच.डी. एकाच अर्जात कोंबले तर तो एका विषयापुरताच विचारात घेतला जातो. माहिती कशासाठी हवी हे मात्र लिहू नका, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे ते विचारायचेच नसते. रागही लिहू नका, शब्द वाया जातात.

नस्ती जाडजूड असेल तर आधी अवलोकन, म्हणजे ती तिथेच बसून पाहायला, मागा. पहिला तास मोफत आहे, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये. पेन बाहेर ठेवावे लागते, पेन्सिल चालते. पृष्ठ क्रमांक टिपून घ्या आणि हवी तीच पाने मागा.

अर्ज परीक्षा विभागात दिला. ‘हे आमच्याकडे नाही, पात्रता विभागात जा’ म्हणून परत केला. (पालक, नाशिक)

अर्ज परत करता येत नाही. माहिती दुसऱ्या कार्यालयाची, म्हणजे शासनाची किंवा दुसऱ्या विद्यापीठाची असेल, तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तिकडे वर्ग करायचा असतो. आणि त्याच विद्यापीठातला दुसरा विभाग असेल तर कलम ५(४) प्रमाणे माहिती अधिकाऱ्याने त्या विभागाकडून माहिती मागवायची असते. ज्याच्याकडून मागवली त्याने हयगय केली तर दंडाच्या कामी तोही माहिती अधिकारीच समजला जातो.

ही टोलवाटोलवी टाळायची तर अर्ज ‘जोडपत्र अ’च्या नमुन्यात लिहा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि कुलसचिव कार्यालयाच्या आवक कक्षात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. लांब असाल तर स्पीड पोस्टाने पाठवा. शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर तुमचे विद्यापीठ दिसत असेल तर तिथूनही करता येतो. अर्ज स्वतःच्या नावाने करा. हक्क नागरिकाला आहे, त्यामुळे ‘पालक संघाच्या वतीने’ असे लिहून विनाकारण आक्षेप ओढवून घेऊ नका.

आमचे महाविद्यालय विनाअनुदानित आहे. ‘आम्हाला माहिती अधिकार लागू नाही’ म्हणतात. तिथले किती शिक्षक मान्यताप्राप्त आहेत, हे कसे कळेल? (विद्यार्थी, कोल्हापूर)

महाविद्यालयाशी वाद घालण्यात वर्ष घालवू नका, विद्यापीठाला विचारा. संलग्नतेसाठी महाविद्यालयाने दिलेले कागद, स्थानिक चौकशी समितीचा अहवाल, शिक्षक मान्यतेची पत्रे हे सगळे विद्यापीठात असते. जे तिथे नसेल पण कायद्याने विद्यापीठ महाविद्यालयाकडून मागवू शकते, तेही कलम २(च) मधील ‘माहिती’त मोडते. महाविद्यालयाचे नाव, शैक्षणिक वर्ष आणि अभ्यासक्रम लिहून ‘चौकशी समितीचा अहवाल, त्यातील त्रुटी व महाविद्यालयाने केलेल्या पूर्ततेचे पत्र’ मागा. पूर्ततेचे पत्र विसरू नका, खरी गंमत त्यातच असते.

सहायक प्राध्यापकाच्या निवडीचे कागद मागितले, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारले. (उमेदवार, पुणे)

इथे जमीन अलीकडेच सरकली आहे. कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या: सार्वजनिक कामाशी संबंध नसणे किंवा खासगीपणावर अवाजवी आक्रमण. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने त्या अटी काढून टाकल्या आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. भरतीतील इतर उमेदवारांचे गुण देण्याच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल आहे, पण तो जुन्या शब्दरचनेवरचा आहे. त्यावरच विसंबून राहू नका.

हाती दोन गोष्टी उरतात. पहिली, कलम ८(२): जनहित मोठे असेल तर वगळलेली माहितीही देता येते. म्हणून कारण लिहू नये हा वर सांगितलेला नियम इथे बाजूला ठेवा आणि जनहित काय ते दोन वाक्यांत लिहा. दुसरी, माणसाची नव्हे तर प्रक्रियेची कागदपत्रे मागा: जाहिरात, बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षणाचे ते दाखवणारी नोंद), छाननीचे निकष, निवड समितीच्या नियुक्तीचा आदेश, गुणदानाची पद्धत, व्यवस्थापन परिषदेचा ठराव. शेवटी ‘वैयक्तिक तपशील असल्यास कलम १० नुसार तो झाकून उर्वरित भाग द्यावा’ हे वाक्य घाला. कर्मचाऱ्यांची यादी आणि मासिक वेतन तर कलम ४(१)(ख) खाली विद्यापीठाने आपणहून जाहीर करायचे असते.

तीस दिवस कधीपासून मोजायचे? मध्येच शुल्काचे पत्र आले आहे. (वाचक, सोलापूर)

अर्ज ३ जूनला पोचला तर ३ जुलैपर्यंत उत्तर हवे. २३ जूनला शुल्काचे पत्र रवाना झाले तर वीस दिवस संपले आणि घड्याळ थांबले. तुम्ही ८ जुलैला पैसे भरले की उरलेले दहा दिवस सुरू होतात, म्हणजे १८ जुलै. मुदत उलटून गेल्यावर शुल्क मागितले तर भरू नका. कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते.

काहीच उत्तर न आल्यास ३ जुलैनंतर ३० दिवसांत, म्हणजे २ ऑगस्टपर्यंत, विद्यापीठातीलच प्रथम अपिलीय प्राधिकाऱ्याकडे ‘जोडपत्र ब’मध्ये २० रुपयांचा स्टॅम्प लावून अपील करा. निर्णयाला ३० दिवस, फार तर ४५. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरे अपील, ‘जोडपत्र क’, पुन्हा २० रुपये. दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपयांचा दंड आयोगच करू शकतो, त्यामुळे पहिल्या अपिलात दंडाची मागणी करून उपयोग नाही. कलम १८ खाली थेट तक्रार केली तर दंड होऊ शकतो, पण कागद मिळत नाही. कागद हवा असेल तर अपीलच करा.

‘नस्ती आढळून येत नाही’ असे लेखी आले. आता? (निवृत्त कर्मचारी, नागपूर)

लेखी आले हे उत्तमच. नस्ती न सापडणे हे माहिती नाकारण्याच्या कलम ८ मधल्या कारणांत कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे की अशा वेळी कसून शोध घ्यावा आणि जबाबदारी निश्चित करावी. पहिल्या अपिलात शोध घेऊन, न सापडल्यास नस्ती पुन्हा बांधण्याचा आदेश मागा. एकाच कागदाच्या प्रती बहुधा लेखा विभागात, जावक विभागात आणि शासनाच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातही असतात. त्या तीन ठिकाणी वेगळे अर्ज त्याच दिवशी टाका.